यादीतले दुसरे नाव

“नाव सांगू नका, यादी दाखवा.” कोणी कोणत्याही उमेदवाराचे कौतुक केले, की ते हात पुढे करून म्हणत. समोर यादी नसेच. मग स्वतःच खिशातून कागद काढून रेघा मारायला बसत. आमच्या लश्कर भागात त्यांना सगळे लिस्टवाले काका म्हणत.

पूर्वी ते संस्थानच्या दफ्तरात होते. संस्थान विलीन झाले, ते निवृत्त झाले, आणि देशाची लोकसभा कशी निवडावी हा विचार त्यांनी अंगावर घेतला. मत माणसाला नको, पक्षाच्या यादीला द्यावे. जितकी मते तितक्या जागा, यादीतल्या क्रमाने. मला त्यांनी हे टोपी बाजारात, भर उन्हात उभे करून समजावले होते.

“बाई, वाचनालयाच्या सभेत बारा जणांना पोहे हवेत, सहा जणांना इकडची बेडई-पुरी. तुमच्या पद्धतीने काय होईल?”

“अठरा पोहे.”

“आणि त्या सहांनी काय खायचं? राग?”

मी शाळा चालवणारी बाई. मुद्दा बरोबर होता, पण माझी पिशवी जड होती.

निवडणूक आली, की आमच्या मराठी वाचनालयात खेळातली लोकसभा भरे. दहा खुर्च्या, बाकीचे प्रेक्षक. काकांनी भांडून त्या वर्षी यादीची पद्धत मान्य करून घेतली. खरी लोकसभाही अशीच निवडावी, असा ठराव इथे करून दिल्लीला पाठवायचा, एवढाच त्यांचा ध्यास होता. पण ठरावाला अनुमोदक लागे, आणि तोही मांडणाऱ्याच्याच पक्षाचा, असा आमचा जुना रिवाज; म्हणजे आता त्याच्याच यादीतून खुर्चीवर बसलेला.

काकांची यादी पाच नावांची होती. चौघे त्यांचे दफ्तरातले जुने सहकारी. त्याच हिवाळ्यात राज्याची पुनर्रचना झाली, सचिवालय भोपाळला गेले, आणि त्याबरोबर ते चौघेही. ग्रंथपाल हसून म्हणाला, “काका, तुमची तर पूर्ण पार्टीच ट्रान्सफर झाली!”

काका हसले नाहीत. किल्ला गेटपासून दारोदार फिरले. मत देतो, असे सगळे म्हणाले. नाव कोणी देईना. शेवटी ते माझ्याकडे आले.

“फक्त नाव द्या, बाई. दुसऱ्या क्रमांकावर.”

“शाळेची तपासणी आहे. पक्षाच्या यादीत माझं नाव? इन्स्पेक्टरला काय सांगू?”

“खोटी लोकसभा आहे हो.”

“नाव तर खरं आहे ना?”

त्यांनी चहा संपवला, कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि गेले. घरी एकट्याने राहायची सवय.

साठ जणांनी मते दिली. सहा मतांना एक खुर्ची. काकांच्या यादीला बारा मते पडली; त्यांतले एक माझे. खुर्च्या दोन, यादीत नाव एक.

“बसवा ना काका, कोणालाही!” मागून कोणी ओरडले. “कोण बघतोय?”

मी उठले. तपासणी गेली खड्ड्यात, असे मनात म्हटले आणि त्या खुर्चीपर्यंत गेलेही.

“तुमचं नाव यादीत नाही, बाई,” काका हळूच म्हणाले. आवाजात राग नव्हता. नियम त्यांनीच लिहिला होता. मी परत जागेवर येऊन बसले.

ठराव त्यांनी उत्तम मांडला. बेडईवाले सहाजणसुद्धा आले त्यात. लोक हसले, टाळ्या पडल्या. मग अध्यक्षांनी विचारले, “अनुमोदक?”

काका शेजारच्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. अध्यक्षांनी दुसऱ्यांदा विचारले. सभागृहात आम्ही पन्नासएक माणसे होतो, आणि कोणाचाही काही उपयोग नव्हता.

“अनुमोदक?”

“सध्या इथे नाहीत,” काका म्हणाले, आणि खाली बसले.