विन्याच्या गिटारचं हाड

गेले चार दिवस माझ्या देवघरात बोकडाचं हाड होतं.

तक्रार रीतसर नोंदवून ठेवतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा शाकाहारी, जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस, आणि त्याच्या देवघरात, शंखाशेजारच्या वाटीत, हे!

हरवू नये म्हणून ठेवलं. गिरगावातल्या या घरात तिथे माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.
खरं तर हल्ली कुठेच लावत नाही.

हाड तरी केवढं? करंगळीहून लहान. इलेक्ट्रिक गिटारचा नट. म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला असते ती आडवी पट्टी. तिला सहा खाचा, एकेका खाचेतून एकेक तार.

एवढ्याशा वस्तूने मला जेरीला आणलं. सगळ्यात जाडी तार खाचेत बसायलाच तयार नाही. वरच तरंगते. महत्प्रयासाने बसवली की टुणकन बाहेर!

आज विन्याला जाऊन वर्ष झालं.

विनायक. भोईवाड्यातल्या शाळेपासूनचा माझा मित्र. माझा एकुलता एक, असं म्हटलं तरी चालेल.

व्हीआरएस घेतल्यावर लोक काशीला जातात. याने घरी जोडायचा गिटारचा किट मागवला. नायगावच्या चाळीतून नुकताच नव्या टॉवरमध्ये गेला होता. हॉलभर लाकूड, वायरी आणि स्क्रूच्या पुड्या.

दर रविवारी मी तिथे. काम शून्य, शेरे भरपूर.

सगळं किटमधलं वापरलं त्याने. फक्त नट स्वतः केला. रविवारच्या मटणातली नळी उकळली, खिडकीत वाळवली, कापली आणि घासत बसला. घरभर दाताच्या दवाखान्यासारखा वास.

वहिनी वैतागलेल्या. “भावजी, पावण्याच्या ताटातली नळी उचलली ह्यांनी! मी लाजेने मेले.”

मी म्हटलं, “अब्रह्मण्यम्! अरे, किटमध्ये प्लॅस्टिकचा आलाय ना?”

“प्लॅस्टिकला जीव नाय रे.”

“आणि या हाडाला आहे?”

“होता की.” वर डोळा मारून, “आणि शास्त्रीबुवा, तुझ्या देवघरातला शंख काय झाडाला लागतो?”

मी चहा मागितला.

घासायचा मात्र अतिशय जपून. दोनदा कानस फिरवायची, तार लावून बघायची, पुन्हा काढायची. मला कंटाळा यायचा.

“घाई कसली? घासलेलं परत भरत नाय.”

तो गेला, आणि महिन्याभरात वहिनींनी गिटार माझ्याकडे दिली. “तुम्ही न्या भावजी. मला बघवत नाय.”

मला वाजवता येत नाही. मी तिच्यावरची धूळ पुसायचो. रविवारी. दुसरं काम नसायचं.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन. “वर्षश्राद्धाला गिटार आणाल? नुसती फोटोजवळ ठेवू.”

तारा गंजलेल्या. म्हटलं, निदान नव्या तारा घालून नेऊ. मोठ्या उत्साहाने जुन्या सगळ्या एकदम काढल्या.

आणि नट टपकन माझ्या मांडीवर पडला.

वाटलं, मोडली. मग आठवलं, त्याने गोंदाचा एकच थेंब लावला होता, पुढेमागे काढता यावा म्हणून. बाकी ताराच त्याला दाबून धरतात. त्या सुटल्या, हाही सुटला.

वाटीत ठेवला. रोज संध्याकाळी काढायचा, जागेवर बसवायचा, मोबाइलवर व्हिडिओ बघून तारा ओढायच्या.
रोज तीच रड. जाडी तार तरंगतेय, आणि बारीक तार रुंद खाचेत खुळखुळतेय.

काल संध्याकाळी मी निष्कर्ष काढला: खाच अरुंद आहे. विन्याचं चुकलंय.

कानस घेतली. खाचेत टेकवली.

तेवढ्यात उद्या किती वाजता यायचं ते सांगायला वहिनींचा फोन. मी ऐटीत सांगितलं, “तुमच्या नवऱ्याने खाचा उलट्या कापल्यात. जाड्या तारेला बारीक, बारकीला जाडी. दुरुस्त करतोय.”



“भावजी… हे डावरे होते ना.”

मी कानस खाली ठेवली.

डाव्या हाताने वाजवणाऱ्यांचा किट त्याला मिळाला नव्हता. उजव्यांचा घेऊन त्याने तो उलटा केला. तारांचा क्रम उलटा, म्हणून खाचा उलट्या. म्हणून नवा नट. म्हणून नळी, उकळणं, घासणं, सगळं.

माझ्या लक्षात काय राहिलं? शंखाचा जोक.

शाळेत आम्ही एका बाकावर. तो माझ्या उजवीकडे. त्याचा डावा हात, माझा उजवा. लिहिताना कोपरं भांडायची. माझ्या वहीतल्या अर्ध्या रेघा त्याच्या धक्क्याने वाकड्या आहेत. ‘सव्यसाची’ हे नावही मीच ठेवलं होतं त्याला. अर्जुनाचं. दोन्ही हातांनी बाण मारणारा. तो म्हणायचा, “एकच हात चालतो रे माझा, तोही डावा.”

आज सकाळी तारा त्याच्या क्रमाने घातल्या. सगळ्या पहिल्या खेपेला बसल्या. गिटार नायगावला नेली, फोटोजवळ ठेवली. वहिनींनी एका बोटाने सगळ्या तारा छेडल्या, आणि आत निघून गेल्या.

‘रामः रामौ रामाः’ मला अजून झोपेतही येतं. आणि ज्याचं कोपर सारं बालपण माझ्या कोपरावर आपटत होतं, त्याचा हात कोणता, हे मी एका वर्षात विसरलो.

तारांचं काय, बसल्या. निघताना मी फोटोपुढे उभा राहिलो.

भीती ही वाटते, की डोक्यातून आणखी काय काय गेलंय? मला कळणार कसं? चुकलो की “शास्त्रीबुवा, गंडलास” म्हणणारा तूच होतास.

येतो रे विन्या. नमस्कार.
कोपर लागलं तरी चालेल.