शनिवारची फवारणी

रामाकोना गावची सुचिता बोलायला गोड, पण तिच्या लिहिण्यावर कोणी हात मारला की तिच्याइतकी तिखट बाई अख्ख्या सौंसर तालुक्यात सापडायची नाही. सकाळी संत्र्याच्या बागेत हिंडायचं, कुठं पानांवर कोळशीची काळी बुरशी दिसली, कुठं पानं पिवळी पडली ते मोबाईलवर टिपायचं आणि दुपारी आपल्या वेबसाईटवर टाकायचं, हा तिचा नऊ वर्षांचा नेम. लोधीखेड्यापर्यंतचे बागवाले तिचं वाचून फवारणी करत.

एक दिवस शेजारचे पुंडलिकराव चार माणसांत म्हणाले, "सुचिताबाई, तुमी हे 'बागसम्राट'वरून उतरवून राहिल्या न? तिथं तं सारं असंच हाय."

तिनं पाहिलं. कुठल्याशा शहरातल्या त्या वेबसाईटवर तिचे दोनशे लेख जसेच्या तसे होते. फोटोंवरचं तिचं नाव तेवढं कापलेलं. नऊ वर्षं ऊन अंगावर घेतलं तिनं आणि गावात नकलाखोर ठरली तीच!

मग तिनं आपल्या लेखांना कुलूप लावलं. मजकूर उचलताच येईना. चोरांचं त्यानं काही अडलं नाही. अडलं ते तिच्याच लोकांचं. औषधाचं नाव उचलून दुकानदाराला पाठवता येईना म्हणून त्यांचे फोन सुरू झाले. तिनं कुलूप काढून टाकलं आणि बागसम्राटला इंटरनेटवर जागा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. बागसम्राटनं उत्तर दिलं की लेख आमचेच, ही बाई चोर. लेखांवर तारखासुद्धा तिच्या तारखांच्या वर्षभर आधीच्या टाकलेल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. कंपनीनं आठ दिवसांत पुरावा मागितला.

"जाऊ दे न, कायले डोकं फोडून राहिली?" नवरा हेमराज म्हणाला.

"माह्यं नाव हाय ते. नाई जाऊ देत."

सहाव्या दिवशी स्वतःचेच लेख चाळताना तिची नजर एका ओळीवर थांबली. 'फवारणी शनिवारी ठेवू नये.' ही ओळ तिच्या प्रत्येक लेखात होती, म्हणून बागसम्राटवरच्या लेखांतही होती. शनिवारी इकडची फवारणीवाली माणसं जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जातात, बागेत कोणी मिळत नाही. हे इथल्या लेकराबाळांनाही ठाऊक. म्हणूनच कारण लिहायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

तिनं कंपनीला कुरिअरनं दोनच ओळी पाठवल्या. शनिवारी का नको, ते आधी त्यांना विचारा. माझं कारण सोबतच्या बंद पाकिटात आहे, त्यांचं उत्तर आल्यावरच उघडा.

बागसम्राटनं ऐटीत कळवलं की शनिवारी हवेत ओलावा जास्त असतो.

कंपनीनं पाकीट फोडलं. आत जामसांवलीच्या शनिवारच्या गर्दीचा फोटो होता आणि फवारणीच्या टोळीचा मुकादम प्रभाकर याची चिठ्ठी: 'आमी शनवारी कामाले येत नाई, मारुतीले जातो.' चार दिवसांत बागसम्राटवरचे दोनशेही लेख उतरले आणि सुचिताला कंपनीचं माफीपत्र आलं. ते तिनं छापून घेतलं, पुंडलिकरावांच्या ओसरीवर नेलं आणि त्याच चार माणसांसमोर मोठ्यानं वाचलं. मनातून तिला नाचावंसं वाटत होतं.

पुंडलिकरावांनी चष्मा पुसला. "बाई, चुकलो मी. माह्या बागेत कोळशी आली. फवारणी कवा करू?"

"उद्या सोडून कवाबी करा," सुचिता म्हणाली. "उद्या मीबी जामसांवलीले चालली, नारळ फोडाले."