काटेबाईंच्या तीन भेटी

माझ्या आत्याने एकतीस वर्षं लोकांचे वजनकाटे तपासले. दुकानातले, टपाल कचेरीतले, दवाखान्यातले, सोनाराकडचे. हातात लाकडी पेटी, पेटीत मखमलीच्या खळग्यांत बसवलेली पितळी वजनं, आणि चेहऱ्यावर असा भाव की दुकानदार काटा मारत नसला तरी त्याला घाम फुटावा. निवृत्त झाल्यावर ती दोन महिने घरी बसली. तेवढ्यात तिने आमच्याकडची तीन घड्याळं, एक फ्रीज आणि माझ्या नवऱ्याचा स्वभाव दुरुस्तीला काढला. मग एक दिवस म्हणाली, "मी कॉलेजात जायचं ठरवलंय." शिकायला नव्हे, तर शिकणाऱ्यांना पुढे काय करायचं ते सुचवायला. तेही फुकट.

मला हसूच आलं. त्याला कारण होतं. सोळा वर्षांची असताना मला नकाशे काढायचं शिक्षण घ्यायचं होतं. तेव्हा घरातला कुठलाही निर्णय आत्याच्या काट्यावर चढल्याशिवाय पुढे सरकत नसे, म्हणून बाबांनी तिला बोलावून घेतलं. तिने मला समोर बसवून एक सरळ रेघ काढायला सांगितली, ती बघितली आणि बाबांना म्हणाली, "हिचा हात थरथरतो रे दादा. हे काम हिचं नव्हे." पाच मिनिटांत विषय मिटला. पुढे मी एका कंपनीच्या नोकरभरती विभागात लागले, अजून तिथेच आहे, बरं चाललंय. आजही घरात कुणाची रेघ वाकडी आली की "आत्याला दाखवू नकोस" म्हणून सगळे हसतात. मीही हसते.

तर अशी ही बाई त्या खोलीत बसून लोकांना काय सांगत असेल, याचं मला सहा वर्षं कुतूहल होतं. मला चौकशीची खोड आहे, पण आत्या दाद द्यायची नाही. "बसतो, बोलतो," एवढंच म्हणायची. या वर्षी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, स्कूटर बंद झाली, आणि मंगळवारी-गुरुवारी तिची ने-आण करायचं काम घरात कुणाला तरी घ्यावं लागलं. मी एका पायावर तयार झाले.

कॉलेज दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं, संध्याकाळी भरणारं. दिवसभर कुठे ना कुठे राबून आलेली माणसं तिथे शिकायला येतात. विशीतली असतात तशी पन्नाशीतलीही. आत्याची खोली झेरॉक्सच्या खोलीला लागून, पूर्वी तिथे मोडकी बाकं ठेवत. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीपलीकडून यंत्राची घरघर. आल्या आल्या आत्या टेबल हलवून बघायची, डगमगलं तर पायाखाली कागदाची घडी सरकवायची आणि मगच बसायची. कोपऱ्यातली खुर्ची मला मिळाली. तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

पहिल्याच दिवशी मी चकित झाले. समोर एक बसचालक बसला होता. आत्याने त्याला काय व्हायचंय ते विचारलंच नाही. म्हणाली, "काल काय काय केलंत? उठल्यापासून सांगा." तो बिचारा सांगत गेला. चहा, डेपो, पहिली फेरी, मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी बसचा आरसा बसवून दिला, दुसरी फेरी, संध्याकाळी शेजाऱ्याचा पंखा. आत्या मध्येच विचारायची, "आरसा तुम्हाला कुणी सांगितला होता?" "नाही बाई, हललेला दिसला." "बरं. पुढे?" तासाभराने त्याला म्हणाली, "पुढच्या मंगळवारी या." सल्ला नाही, उपदेश नाही, काही नाही.

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "अगं, त्याला सरळ सांगायचं ना, दुरुस्तीचं शिक म्हणून! शितावरून भाताची परीक्षा होते."

"भाताची होते," आत्या म्हणाली. "काट्यावर एकच वजन तीनदा ठेवायचं, मग आकडा लिहायचा. तीन भेटी झाल्याशिवाय मी कुणाला काही सांगत नाही."

"पूर्वी तर एका नजरेत सांगायचीस."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मोतीबिंदूच्या डोळ्यांना बाहेर काय दिसत होतं कोण जाणे.

तिसऱ्या भेटीनंतर आत्या प्रत्येकाकडून नोकरीच्या किंवा पुढच्या शिक्षणाच्या अर्जाचा मसुदा लिहून घ्यायची. त्याची शेवटची ओळ तिच्या नोकरीतून आली होती. ती ओळ म्हणजे त्रुटी. "बिनचूक काटा जगात नसतो," ती सांगायची. "कुठे किती चुकतो ते ज्याच्या दाखल्यावर लिहिलेलं असतं, तो काटा चांगला. बिनचूक म्हणून मिरवतो, त्याच्याकडून मीठसुद्धा घेऊ नये." बसचालकाने लिहिलं, 'सांगितलेलं काम ऐकतो, लिहून घेत नाही, म्हणून विसरतो.' परिचारिका व्हायला निघालेल्या एका मुलीने लिहिलं, 'समोरचं माणूस रडलं की मीही रडते.' मी कोपऱ्यात बसून कपाळाला हात लावत होते. रोज दोनशे अर्ज माझ्या हाताखालून जातात. असली ओळ दिसली की मी पुढचा अर्ज उचलते.

कॉलेजातले सगळे आत्याला काटेबाई म्हणत. आत्याही लोकांना नावं ठेवण्यात मागे नव्हती. एका बाईचं नाव तिने 'पावणेपाच' ठेवलं होतं, कारण कालच्या दिवसाची हकिकत ती नेहमी "पावणेपाचला उठले" इथून सुरू करायची. बेकरीत कामाला, वय पस्तीस, दोन मुलं, कॉलेजच्या वह्यांनाही पिठाचा वास. तिला मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात शिकाऊ जागा हवी होती. वर्षाला एकच जागा निघायची आणि वयाची अट पस्तीसची. हुकली तर पुन्हा अर्जही करता येणार नव्हता.

"मला औषधांचंच का सुचलं माहितीये ताई?" एकदा बाहेर बाकावर ती मला म्हणाली. "बेकरीत मी दिवसभर तोलत असते. पीठ तोला, साखर तोला. पण चुकलं तर पाव बिघडतो, बस. मला वाटतं, जिथे माझ्या तोलण्याने कुणाला बरं वाटेल, तिथे तोलावं." मला ती मनापासून आवडली. पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

तिची त्रुटीची ओळ अशी होती: 'घाई झाली की दशांशचिन्ह नजरेतून निसटतं. एकदा अडीच किलोच्या जागी पंचवीस किलो मीठ घातलं होतं. तेव्हापासून प्रत्येक आकडा दोनदा मोठ्याने वाचते.' आत्याला दिसत नव्हतं म्हणून टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. ती ओळ वाचून मी उडालेच. औषधांच्या खोलीत जागा मागायची आणि वर मला दशांश दिसत नाही म्हणायचं! म्हणजे आपल्या पायावर आपणच धोंडा. मी ती ओळ काढून टाकली.

पावणेपाच शेजारीच बसली होती. "ताई, पण बाई म्हणाल्या होत्या..."

"बाईंनी काटे तपासले. अर्ज मी तपासते," मी म्हणाले. "रोज दोनशे."

तिने कागद पुन्हा एकदा वाचला, मग सही केली. आत्याला मी काहीच सांगितलं नाही. उलट घरी जाताना माझी मीच पाठ थोपटून घेतली.

मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की आत्या प्रत्येकासाठी एक शिफारसपत्रही लिहायची आणि ते बंद पाकिटातून परस्पर पाठवायची. पावणेपाचचं पत्र तिने भिंग धरून, मोठमोठ्या अक्षरांत, दोन संध्याकाळी खपून लिहिलं होतं. त्यात मिठाचा किस्सा साग्रसंगीत होता.

मुलाखतीनंतरच्या गुरुवारी पावणेपाच खोलीत आली आणि उभीच राहिली. आत्याने बस म्हटल्यावर बसली.

"त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले बाई. म्हणाले, पत्रात चूक आहे, अर्जात नाही. कुणी लपवली?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, सही माझी आहे." तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. "सोमवारी कळवतो म्हणाले. पण फाईल त्यांनी बंद केली होती."

पलीकडे झेरॉक्सचं यंत्र घरघरत होतं. मला लाज वाटली. अशी लाज की कान तापले. या बाईने माझं नाव घेतलं असतं तर सुटली असती, आणि तिने ते घेतलं नव्हतं.

"आत्या, ती ओळ मी काढली," मी म्हणाले.

मला वाटलं, आता पट्टा सुटणार. पण आत्याने शांतपणे विचारलं, "एक अर्ज वाचायला किती वेळ घेतेस तू?"

"आठ-दहा सेकंद."

"हं," ती म्हणाली. "आज गुरुवार. निकाल सोमवारी लागेल. उद्या जाऊन सांग त्यांना."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून रुग्णालयात गेले. औषध विभाग तळमजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला. तिथला मुख्य म्हणजे कानामागे पेन्सिल खोचलेला एक किडकिडीत गृहस्थ. जाळीच्या खिडकीतून त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही अर्जदाराच्या कोण?"

"कुणी नाही. पत्र लिहिणाऱ्या बाईंची भाची."

"आणि असं का केलंत?"

"तुम्ही तिला नाकाराल असं वाटलं."

"या खोलीत आम्ही नऊ जण आहोत," तो म्हणाला. "नऊही जण चुकतात. कोण कुठे चुकतो ते मला ठाऊक आहे, म्हणून कुणाच्या मागे कुणाला तपासायला बसवायचं ते ठरवता येतं. ज्याची चूक ठाऊक नाही, त्याला कुठे बसवू?" मग त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि कागदावर काहीतरी खरडलं. "सोमवारी सकाळी तिला पाठवा. बाकीचे दोन उमेदवारही येणार आहेत. डॉक्टरांच्या औषधचिठ्ठ्या तपासायला देणार आहे."

चिठ्ठ्या साठ होत्या, त्यांतल्या तीन मुद्दाम चुकीच्या. बाकी दोघं वीस मिनिटांत उठले. पावणेपाचला पाऊण तास लागला. प्रत्येक आकडा दोनदा मोठ्याने वाचत होती, म्हणून शेजारच्याने तक्रारसुद्धा केली. तीनपैकी दोन चुका तिला सापडल्या. त्या दोघांना एकेकच सापडली होती. तिची तिसरी राहिली, कारण ती तारखेची होती आणि तारखांकडे तिने पाहिलंच नव्हतं. जागा तिला मिळाली. मंगळवारी ती धावतच आली, आत्याच्या पाया पडायला वाकली, आत्याने दंडाला धरून वर उचलली आणि म्हणाली, "ओळीत तारखा घाल." पावणेपाच रडता रडता हसत सुटली. मी मात्र नुसतीच रडले, परिचारिका व्हायला निघालेल्या त्या मुलीसारखी.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी पुन्हा दोनशे अर्जांकडे निमूट परत गेले असते. पण त्या दिवशी कॉलेजच्या कारकुनाने आत्याच्या हातात एक फॉर्म दिला. फुकट काम करणाऱ्यांनाही कागद चुकत नाहीत, नवा नियम निघाला होता. आत्याला दिसत नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे आला. "पहिल्या वर्षीचा फाईलला आहे," कारकून म्हणाला, "त्यावरून उतरवून काढा."

सहा वर्षांपूर्वीचा तो कागद मी टेबलावर पसरला. नाव, वय, शिक्षण, अनुभव. छापील रकाने संपल्यावर खालच्या कोऱ्या जागेत आत्याच्या तेव्हाच्या बारीक, ठसठशीत अक्षरात एक ओळ होती. सहा वर्षं मी तिच्याकडे नाना चौकशा केल्या, पण सगळ्यांची त्रुटी लिहून घेणाऱ्या बाईची स्वतःची त्रुटी काय, हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

'त्रुटी: पहिल्या भेटीत माणसाला कमी तोलते. भाची सोळा वर्षांची असताना मला घाबरली होती, म्हणून तिचा हात थरथरला. मी तिचं वजन कमी लिहिलं आणि पुन्हा तपासलं नाही. ते दुरुस्त करता आलेलं नाही. म्हणून यापुढे तीन भेटी.'

मी ते दोनदा वाचलं. सगळे हसायचे तेव्हा आत्याही हसायची का, ते आठवून बघितलं. नव्हती हसत. ती उठून पाणी प्यायला जायची. वीस-बावीस वर्षं मी हसत राहिले होते आणि ती पाणी पीत राहिली होती.

आत्या टेबलाचा पाय चाचपत होती. "झालं का भरून?"

"होतंय."

मी सगळा मजकूर नव्या फॉर्मवर उतरवला. खालच्या कोऱ्या जागेत ती ओळही जशीच्या तशी उतरवली. लिहिताना माझा हात थरथरत होता, पण अक्षर सरळ आलं. फॉर्म तिच्यापुढे ठेवला, सहीच्या जागी तिचं बोट टेकवलं आणि म्हणाले, "आत्या, माझी एकच भेट झालीये. दोन राहिल्यात."

तिचं बोट तिथेच थांबलं. मी काय वाचलंय ते तिला कळलं होतं. मग तिने समोरची खुर्ची हाताने चाचपून माझ्याकडे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "काल काय काय केलंस? उठल्यापासून सांग."