आईनं न पाहिलेली नटी

माझ्या आईनं ती जपानी नटी कधी पाहिली नाही. तिचा साधा फोटोही नाही. तरी तिच्या सगळ्या भूमिका आईला माझ्याइतक्याच ठाऊक होत्या, कारण दर रविवारी लंडनजवळच्या क्रॉयडनहून फोनवर त्या मीच तिला सांगत असे.

ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. पुण्यातल्या कंपनीनं मला दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर इंग्लंडला पाठवलं होतं. आमच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील मी चौथीत असताना गेले. आई तालुक्याच्या गावी अंगणवाडीत मदतनीस होती. मुलांना घरोघरी जाऊन गोळा करायचं, खाऊ शिजवायचा, भांडी घासायची, आणि संध्याकाळी मी अभ्यास करत असले की समोर नुसतं बसून राहायचं. तिला माझी पुस्तकं वाचता येत नसत, पण पान उलटायला उशीर झाला की ती विचारायची, "अडलं का काही?" आज मी जी काही आहे ती त्या बसून राहण्यामुळे, असं मला मनापासून वाटतं.

ऑफिसात माझ्या शेजारी मलेशियाहून आलेली एक मुलगी बसे. मी शनिवार-रविवारी काय करते असं तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, कपडे धुते. सोमवारी तिनं मला सीडींचा एक जाड डबा आणून दिला. जपानी मालिका होती, खाली इंग्रजी सबटायटल्स. ते इंग्रजी इतकं मोडकंतोडकं होतं की मला एकदम धीर आला. ऑफिसातलं इंग्रजी कानावरून घसरून जायचं, हे मात्र मी ज्या इंग्रजीत विचार करत असे तसंच होतं.

पहिल्या मालिकेत ती नर्स होती, एका लहानशा बेटावरच्या दवाखान्यात. दुसरीत ती एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवायची. पांढरे हातमोजे घालून दिवसभर लोकांना मजले सांगायची. तिसरीत नवरा गेल्यावर डबे भरून विकणारी बाई. दिसायला ती फार सुंदर नव्हती. कपाळ मोठं, पुढचे दोन दात जरा पुढे. पण मी तिच्या प्रेमात पडले ते ती घरात शिरताना चपला-बूट कसे काढते ते पाहून. नर्स असताना ती बूट भराभर काढी, मग वाकून ते नीट लावी, टोकं दाराकडे. कुठून बोलावणं येईल सांगता येत नाही म्हणून. लिफ्टवाली मुलगी बूट काढून तिथेच पायरीवर बसून पाय चेपत राही. आणि ती विधवा स्वतःचे बूट काढून झाल्यावर शेजारचे नवऱ्याचे बूट उगीच बोटभर सरळ करी. एकही शब्द नाही. मला वाटायचं, या बाईला संवाद नसते तरी चाललं असतं.

आईला मी हे सगळं सांगायला लागले ते खरं तर नाइलाजानं. आठवडाभर माझ्याकडे सांगण्यासारखं काही घडत नसे. "जेवलीस का, थंडी आहे का" हे पाच मिनिटांत संपे. मग एका रविवारी मी बेटावरच्या नर्सची गोष्ट काढली. इथे सकाळचे नऊ, तिकडे दुपार. आई अंगणवाडीतल्या बायांना ऐकवता येईल म्हणून लक्ष देऊन ऐकायची.

लिफ्टवाली मालिका सुरू झाली तेव्हा आईनं मला थांबवलं.

"नर्सची नोकरी का सोडली तिनं?"

"आई, ही वेगळी गोष्ट आहे. नटी तीच, पण बाई वेगळी."

"ते कळतंय गं मला. पण सोडली का?"

आईनं स्वतःच उत्तर शोधलं. बेटावरचा डॉक्टर बदलून गेला असणार, दवाखाना बंद पडला असणार, मग पोट भरायला शहरात यावंच लागलं. पुढे तिसरी मालिका आली तेव्हा ती म्हणाली, "बघ, लिफ्टमध्ये भेटलेल्याशीच लग्न केलं असंल. आणि तोही टिकला नाही बिचारीला." मला आधी हसू यायचं. मग मीही तसंच बघायला लागले. डबे भरताना तिचा हात जरा घाईत चालला की वाटायचं, दवाखान्यातली सवय अजून गेलेली नाही.

एकदा आईनं विचारलं, "तिची आई कुठंय गं? कुणी फोनसुद्धा करत नाही तिला?"

खरंच, तीनही मालिकांमध्ये आई नव्हती. मी म्हटलं, "पुढच्यात असेल."

दोन वर्षांची चार वर्षं झाली. प्रोजेक्ट वाढत गेला आणि मी दर वेळी "आता पुढच्या वर्षी" म्हणत गेले. मग एका हिवाळ्यात माझ्या मॅनेजरनं मला इथली कायमची नोकरी देऊ केली. पंधरा दिवसांनी येणाऱ्या गुरुवारपर्यंत पत्रावर सही करून द्यायची होती. एरवी मी नाचले असते. पण सही केली असती तर निघताना आईला दिलेले 'दोनच वर्षं' हे शब्द कायमचे खोटे झाले असते. आणि आईचं साठीचं वय. आदल्याच महिन्यात ती ओल्या फरशीवर घसरली होती. ते मला तिनं नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं. मी आईला नोकरीबद्दल बोललेच नाही. पहिला रविवार तसाच गेला.

त्याच दिवसांत चौथी मालिका हाती आली. यात तिला आई होती. नटी शहरात नकाशे काढणाऱ्या कंपनीत कामाला, आणि आई दूर उत्तरेकडे, बर्फाच्या गावात, एकटीच न्हाव्याचं दुकान चालवणारी. गिऱ्हाइकं म्हातारी होत चाललेली. मग आई पडते, पाय मोडतो, मुलीला कळवत नाही. मुलीला तिसऱ्याच माणसाकडून कळतं. मी सीडी थांबवून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

शेवटच्या भागात मुलगी गावी जाते. तीन दिवस राहते. दुकान झाडते, आरसे पुसते, आईला न्हाऊ घालते, आणि परत शहराकडे निघते. आई तिला दुकानाच्या दारातूनच निरोप देते. स्टेशनवर जात नाही.

गुरुवारच्या आधीच्या रविवारी मी फोन लावला, तेव्हा मनात एक ठरवून टाकलं होतं. आईला शेवट बदलून सांगायचा. मुलगी नोकरी सोडून गावीच राहिली म्हणायचं. आईला तो आवडला, तर सही करायची नाही.

"...आणि मग ती आईला म्हणाली, आता मी इथंच राहणार."





"वेडी आहे ती," आई म्हणाली. "एवढं शिकून न्हाव्याचं दुकान झाडायला आली माघारी?"

"आईचा पाय मोडला होता ना."

"पाय काय, बरा होतो. आणि त्या आईनं ठेवून घेतली तिला? हाकलून नाही दिलं? मी नाही सांगायची बायांना हा असला शेवट."

मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, "आई, मी खोटं सांगितलं. तसं नाही झालं." आणि खरा शेवट सांगितला. तीन दिवस, आरसे, दारातला निरोप.

आई म्हणाली, "हां. हे बरोबर आहे."

"पण ती आई स्टेशनवर का नाही गेली गं? पाय बरा झाला होता. चालत होती ती."

"त्यांनी दाखवलं नाही का?"

"नाही."

"गाडी हलली असती तर हात सोडवला नसता तिच्यानं," आई म्हणाली. "घरातून निघताना सोपं असतं. घरात किती कामं असतात."

मला आठवलं, पुण्याला कॉलेजात जाताना, मग विमानतळावर जाताना, एकदाही आई एसटी स्टँडवर आली नव्हती. मी त्याचा राग धरला होता. अंगणवाडीची सुट्टी मिळाली नाही, हे कारण मला कधी पटलं नव्हतं.

मग मी नोकरीचं सांगितलं. सगळं एका दमात, गुरुवारसकट.

"पगार बरा आहे?"

"बरा आहे."

"मग दे सही करून. विचारतीस काय." आणि मग, "आता ठेवते. दूध वर आलं."

दुपारी अडीच वाजता ती कधी दूध तापवत नाही.

गुरुवारी मी सही केली. मॅनेजरनं हात मिळवला, मलेशियाच्या मुलीनं केक आणला, आणि मी सगळ्यांना मनापासून थँक यू म्हटलं. शनिवारी सकाळी तो शेवटचा भाग पुन्हा लावला. आजवर मी फक्त माझ्या नटीकडे पाहत आले होते. या वेळी तिची आई झालेल्या म्हाताऱ्या बाईकडे पाहिलं, जिचं नावही मला ठाऊक नव्हतं. मुलगी रस्त्याला लागते तशी ती दारातून आत वळते आणि स्वच्छच असलेल्या खुर्चीवरून फडकं फिरवते. ते जेमतेम दोन सेकंद दिसतं. मग कॅमेरा मुलीबरोबर स्टेशनकडे निघून जातो. मी मागे नेऊन पुन्हा लावलं, परत लावलं. प्रत्येक वेळी तो तसाच निघून जात होता, आणि ती बाई पुढे काय करते ते काही दिसत नव्हतं.