लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र
तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की मला वीस वर्षांपूर्वीचे जर्मनीतील डार्मश्टाट आठवते. तेथे शिकणाऱ्या माझ्या भाचीला ग्रीसमधील विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. पदवीच्या मूळ प्रमाणपत्रावर ग्रीक वकिलातीचा शिक्का घेऊन ते शुक्रवारपर्यंत त्या विद्यापीठात पोहोचवायचे होते. मी तिच्याकडे पाहुणा म्हणून गेलो होतो; गावच्या तहसील कचेरीसमोरचा अनुभवी अर्जलेखक या नात्याने, ते खराब होऊ नये म्हणून मी तिला न विचारता कॉपीशॉपमधून लॅमिनेट करून आणले. "मामा, आता प्लॅस्टिकवर शिक्का कसा मारतील?" तिने विचारले. "मी सविस्तर विनंतीअर्ज लिहून देतो," मी म्हणालो. तिने प्लॅस्टिक सोलले, तर कुलगुरूंची सही त्यासोबतच निघून आली. प्रवेश हुकला. माझा चार पानी अर्ज परत देताना ती म्हणाली, "अहो मामा, हाच लॅमिनेट करून ठेवा." आजही गावभरचे कागद माझ्या टेबलावर येतात, तिचा एकही आलेला नाही.