मागायच्या आत

हॉटेलच्या धंद्यात कॅप्टन म्हणजे वेटरांच्या वरचा आणि मॅनेजरच्या खालचा माणूस. दोन्हीकडच्या शिव्या ज्याच्यापाशी येऊन थांबतात तो. या गोष्टीतल्या कॅप्टनने ती नोकरी सोडली आणि तो एका पाळणाघरात शिकाऊ म्हणून लागला, तेव्हा हुद्दा मागे राहिला आणि नाव तेवढं सोबत आलं. निम्म्या पालकांना वाटायचं की हा सैन्यातून आलाय. उरलेल्यांना वाटायचं, बोटीवरून. कॅप्टनने कोणाचाच गैरसमज दूर केला नाही. दिवसभर लंगोट बदलणाऱ्या माणसाला एवढा मान आपणहून मिळत असेल, तर तो नाकारायचा कशाला?

त्याचे वडीलही त्याच हॉटेलात हयातभर कॅप्टन होते. त्यांचं तत्त्वज्ञान चार शब्दांत मावायचं: गिऱ्हाईकाने मागायच्या आत टेबलावर. पाण्याचा ग्लास रिकामा होण्याआधी भरलेला हवा, खाली पडणारा चमचा जमिनीला लागायच्या आत दुसरा हजर हवा. एखाद्या गिऱ्हाईकाने हात वर करून 'अहो' म्हटलं, तर त्या रात्री त्यांना जेवण जात नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे तत्त्व घरात लागू केलं. मीठ हवंय असं मनात यायचा अवकाश, मिठाची वाटी समोर. "या घरात मला कधी काही मागताच आलं नाही," असं कॅप्टनची आई म्हणायची. ही तक्रार होती की कौतुक, हे तिने कधी उघड केलं नाही.

मुलगा वडिलांच्या हाताखाली तयार झालेला. त्यामुळे लहान पोरं घेऊन आलेलं कुटुंब दिसलं की मॅनेजर त्यालाच पिटाळत असे. आईबापांना गरम अन्न गरम असताना खाता यावं म्हणून तो त्यांचं पोर काखोटीला मारायचा आणि दुसऱ्या हाताने शेजारची टेबलं सांभाळायचा. एका संध्याकाळी कोपऱ्यात एकटी जेवत बसलेली एक बाई हे बराच वेळ बघत होती. ती पाळणाघर चालवणारी ताई.

"किती वर्षं करतोयस हे?" तिने विचारलं.

"वेटरकी?"

"नाही रे. हे." तिने काखोटीतल्या पोराकडे हनुवटी केली. पोराने कॅप्टनचा बो-टाय तोंडात घातला होता.

"हे बिलात धरत नाहीत, मॅडम."

"आमच्याकडे धरतात," ताई म्हणाली. "वर्षभर उमेदवारी करायची. काम करता करता शिकायचं. शेवटी परीक्षा. ये बघायला."

तो बघायला गेला आणि तिथलाच झाला.

घरी वडिलांनी बातमी ऐकून पेपर खाली ठेवला. "पोरं सांभाळायला वर्षभर शिकायचं? तुझ्या आईने तुला वाढवलं, तेव्हा तिने कुठला कोर्स केला होता?"

"केला असता तर हा जरा बरा निघाला असता," आई आतून म्हणाली.

पाळणाघर एका जुन्या छापखान्याच्या तळमजल्यावर होतं. कॅप्टनच्या वाट्याला दोन-तीन वर्षांच्या मुलांची खोली आली. तिथे सगळंच गुडघ्याएवढं: खुर्च्या, शेल्फं, हात धुवायचं बेसिन. भिंतीवर खुंट्यांची रांग, प्रत्येक खुंटीवर एक चित्र. छत्रीवाला, मासावाली, चाकवाला. वाचता न येणारी माणसं आपापली पिशवी त्या चित्रावरून ओळखायची आणि क्वचितच चुकायची. ओल्या लाळेऱ्यांचा आणि साबणाचा मिळून एक वास होता. तो कॅप्टनच्या शर्टात असा मुरला की घरी आई त्याला दारातच ओळखू लागली.

आणि पठ्ठ्या चमकला. कोणाला कधी झोप येते, कोणाला सोललेलं केळं लागतं आणि कोणाला न सोललेलं, कोण रडण्याआधी कान ओढतं, हे त्याला महिन्याभरात पाठ झालं. रडू फुटायच्या आत तो तिथे हजर असे. बूट अडकले की सोडवून, बाही उलटी झाली की सुलटी करून, एका खेळण्याकडे दोन हात निघाले की दुसरं तसंच खेळणं मध्ये सरकवून तो पुढच्या मोहिमेवर निघालेला असायचा. खोलीत शांतता नांदू लागली. शेजारच्या खोलीतल्या शिकाऊ मुली दारातून डोकावून जायच्या. "यांना झोपेचं औषध देतोस का रे?" एकीने विचारलंच.

त्या खोलीत अडीच वर्षांचा एक गृहस्थ होता. सगळे त्याला साहेब म्हणत. कारण साहेब बोलत नसत, बोट दाखवत. बोट पुरं उचललं जायच्या आत कॅप्टन वस्तू हजर करी. पुढे पुढे बोटाचीही गरज उरली नाही. साहेबांनी नुसतं बघितलं तरी भागायचं. साहेबांची आई बस चालवायची. सकाळी गणवेशात घाईघाईने यायची, साहेबांना जमिनीवर ठेवायची आणि म्हणायची, "कॅप्टन, तुमच्याकडे सोडला की मला घोर नाही."

हे वाक्य कॅप्टनने घरी वडिलांना शब्दशः ऐकवलं. वडिलांनी चहा ढवळला. "मग? शिकवलं कोणी?" ते म्हणाले. त्या घरात यापेक्षा मोठं पदक कोणाला मिळालं नव्हतं.

अर्धं वर्ष झालं तेव्हा परीक्षक बाई आल्या. सकाळभर त्या एका चिमुकल्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसल्या. त्या दिवशी कॅप्टनने खोली एखाद्या लग्नाच्या पंगतीसारखी चालवली. एक हुंदका नाही, एक थेंब सांडलेला नाही. शेवटी तो बोटं चोळत बाईंसमोर उभा राहिला.

"व्यवस्था उत्तम," बाई म्हणाल्या. "आता मला सांगा, आज सकाळपासून या खोलीत तुमच्याशिवाय कोणी काही केलं का?"

कॅप्टनला प्रश्नच कळेना.

"बूट कोणी घातले?"

"मी."

"पाणी?"

"मीच दिलं."

"भांडण?"

"होऊ दिलं नाही," कॅप्टन अभिमानाने म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला कसंतरी झालं.

"तो कोपऱ्यातला मुलगा. मी आल्यापासून त्याच्या तोंडून एक शब्द आलेला नाही. त्याला बोलता येत नाही की बोलायची गरज पडत नाही?" बाई कष्टाने उठल्या. "वर्ष संपताना परत येईन. तेव्हा हेच दिसलं तर मला तुम्हाला पास करता येणार नाही. हॉटेलात तुम्ही सोनं आहात. इथे मुलांना उपाशी ठेवताय."

संध्याकाळी बसवाली आई आली. तिला काही विचारायचं नाही असं कॅप्टनने ठरवलं होतं आणि ती येताच विचारलं, "घरी बोलतो का हो हा?"

ती साहेबांचा बूट बांधत होती. "मधे जरा बोलायला लागला होता. 'बस', 'दे', असं. मग बंदच झाला. डॉक्टर म्हणतात, कान ठीक, सगळं ठीक." तिने गाठ ओढली. "मला वाटलं, माझ्या ड्युटीमुळेच."

ड्युटीमुळे नाही, मीच त्याला कधी काही मागू दिलं नाही, असं कॅप्टनने तिला सांगितलं. तिने साहेबांना कडेवर घेतलं. मग म्हणाली, "बरं. मग आता?"

आता काय, ते ताईने सांगितलं. "हात मागे. पोराला जमत नसेल तर मदत कर. जमतंय पण वेळ लागतोय, तर थांब. फरक ओळखायला शीक, तीच तुझी उमेदवारी."

वडिलांनी हे ऐकलं तेव्हा त्यांना भोवळच यायची राहिली. "गिऱ्हाईकाला मागायला लावायचं? आणि त्याची परीक्षा?"

"गिऱ्हाईक नाहीत ती, बाबा."

"टेबलाशी बसून पाण्याकडे बघणारा माणूस तो. दुसरं काय म्हणतात त्याला?"

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. कॅप्टनचे हात पाठीमागे एकमेकांना धरून असत आणि तरी निसटत. अर्धा पाय बुटात अडकवून एक मुलगी घामाघूम व्हायची आणि तो शेजारी मांडी घालून तिच्याइतकाच घामाघूम व्हायचा. टेबलावर आता लांब नळीची छोटी किटली ठेवलेली असे. ज्याला तहान त्याने ओतून घ्यायचं. ओतलेल्यातलं निम्मं फरशीवर जाई. डाव्या पायात उजवा बूट घालून मुलं घरी जाऊ लागली. खोलीत आवाज वाढला. आता शेजारच्या मुली डोकावायच्या त्या वेगळ्याच कारणाने. एका वडिलांनी ताईकडे तक्रार केली की हल्ली कॅप्टनचं लक्ष नसतं. लक्ष! उभ्या आयुष्यात त्याने इतकं लक्ष कशात घातलं नव्हतं.

साहेबांना तर हा सरळसरळ विश्वासघात वाटला. ते किटलीकडे बोट दाखवत. कॅप्टन किटलीकडे बघून म्हणे, "हं. किटली. काय हवंय?" आणि थांबे. साहेब बोट आणखी ताणत. कॅप्टन आणखी थांबे. साहेब फरशीवर आडवे होत, पाय झाडत, कप भिरकावत. मग कधीतरी उठून, सगळ्या जगावर रुसून, स्वतःच्या हाताने पाणी ओतून घेत. ओतायला लागले, पण शब्द? नाव नको. घरी जाताना कॅप्टन रस्ताभर हॉटेलचा विचार करी. तिथे निदान कोणी कप फेकून मारत नव्हतं. नशेत मारलाच तर मारणारा सॉरी म्हणायचा.

वर्ष संपत आलं आणि परीक्षेचा दिवस ठरला. ताईचा एक रिवाज होता: शेवटच्या परीक्षेला शिकाऊने घरचं एक माणूस बोलवायचं. "नाहीतर घरी आयुष्यभर 'हा पोरांशी खेळतो' असंच म्हणतात," ती म्हणे. आई म्हणाली, मी नाही, बाबांना ने. वडिलांनी कडक इस्त्रीची फिकट पँट घातली आणि परीक्षक बाईंच्या शेजारच्या चिमुकल्या खुर्चीवर, कणा ताठ ठेवून, ते बसले.

सकाळ ठीक चालली होती. मग साहेब किटलीकडे निघाले. त्याच वेळी मासावाली, म्हणजे जिच्या खुंटीवर मासा होता ती मुलगी, दुसऱ्या बाजूने निघाली. दोघांनी किटली एकदम धरली. साहेबांनी ओढली, तिने ओढली. पाणी उसळून वडिलांच्या पँटवर. मासावालीचा ओठ थरथरला. साहेबांनी कॅप्टनकडे बघितलं, तीच जुनी, हुकमी नजर.

वडील खुर्चीतून अर्धे उठलेच. चाळीस वर्षांच्या सवयीने हात किटलीकडे गेला.

"बाबा," कॅप्टन हलक्या आवाजात म्हणाला, "हात मागे."

त्या माणसाला हॉटेलात मालकसुद्धा अहो-जाहो करायचे. वडिलांनी मुलाकडे बघितलं. मग हळूच हात पाठीमागे नेले आणि बसले.

कॅप्टन दोन मुलांच्या मध्ये गुडघ्यांवर बसला. "किटली एक आणि तुम्ही दोघं," तो म्हणाला. बस्स, एवढंच. पुढे काही नाही. त्याचे हात मांडीवर होते आणि बोटं पांढरी पडली होती.

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. इथून मदत येणार नाही, हे त्यांच्या लक्षात येताना दिसत होतं. मग त्यांनी मासावालीकडे तोंड फिरवलं, छाती भरून श्वास घेतला आणि गर्जना केली:

"माझी किटली! आधी मी!"

मासावाली दचकली. तिने विचार केला. "मग मी," ती म्हणाली.

"मग तू," साहेबांनी मंजुरी दिली.

त्यांनी ओतलं, सांडलं, प्यायले आणि किटली तिच्याकडे सरकवली. कॅप्टन तसाच बसून होता. त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. परीक्षक बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "छान भांडण झालं," त्या म्हणाल्या. "पास."

संध्याकाळी बसवाली आली. "आज काय केलं आमच्या साहेबांनी?"

"भांडले," कॅप्टन म्हणाला.

"हाताने?"

"तोंडाने. सबंध वाक्यात."

ती बूट ठेवायच्या बाकावर खाली बसली. साहेब तिच्याजवळ गेले आणि रागाने म्हणाले, "चल ना!" ती उठली नाही. तिने ते परत म्हणायला लावलं.

बापलेक चालत घरी निघाले. वडील दिवसभर किटलीशेजारीच बसले होते आणि मुलांचं सांडणं काही थांबलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या पँटवरचा डाग वाळायचं नाव घेत नव्हता. तो नेमका नको त्या जागी होता. रस्त्यावरची माणसं बघत आणि सभ्यपणे नजर वळवत. कॅप्टनने आपली पिशवी पुढे केली, "बाबा, ही धरा समोर." वडिलांनी ती घेतली नाही.

कोपऱ्यावरच्या न्हाव्याने मात्र नजर वळवली नाही. वयाचा हक्क होता. "काय हो, हे काय झालं?"

"पाणी आहे," वडील थांबून, मोठ्याने, समोरच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले. "मुलाच्या कामावर गेलो होतो. पास झाला आज. शेजारी भांडण पेटलं होतं, मी उठलो, तर मला म्हणाला, बसा. आणि बसलो मी!"

"आणि त्याने काय केलं?"

"काही नाही केलं!" वडील म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. "तुम्ही बघायला हवं होतंत. मला जमलं नसतं."