मधलं पेडल

"ब्रेकनं काम शे, घाई नको," असं आबा म्हणायचे आणि जावयाच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसायचे. टरबूज घेताना आपण वाजवून बघतो ना, तसं बोटाच्या पेराने चाक वाजवायचे. मान तिरकी, एक डोळा मिटलेला. चाकातून त्यांना काय ऐकू यायचं ते त्यांनाच ठाऊक. मी समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असायचे. मला कधी काही ऐकू आलं नाही.

आमच्या जळगावच्या गल्लीत ते सगळ्यांचेच आबा. आयुष्यभर बसच्या डेपोत फिटर होते, निवृत्त झाल्यावर आमच्यासमोर घर बांधून राहायला आले. मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, बोलणं सगळं अहिराणी. मी पडले बोदवडकडची, आमची बोली निराळी. त्यांचं निम्मं मला कळायचं, निम्मं मी अंदाजाने ऐकायचे. मला ते "माय" म्हणायचे. तिशीतल्या बाईला साठीचा माणूस माय म्हणतो, याचं आधी हसू यायचं. मग सवय अशी झाली की त्यांनी हाक मारली नाही तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटेना.

त्यांची एकुलती एक लेक शोभा धुळ्याला दिलेली. सासरची कापडाची पेढी, भरलं घर, आणि सून ही एकटीच. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांचा शब्द म्हणजे शब्द. शोभाला पाठवतानाच परतीचा वार सांगायच्या. तो वार मला पाठ असायचा, कारण गल्लीत फोन आमच्याकडेच होता. जावई शांत, खालमानेचा मुलगा. त्यांनी नवी छोटी पांढरी गाडी घेतली होती, तीच घेऊन बायकोला न्यायला यायचे.

पहिल्यांदा ब्रेक उघडले ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. झोके झाले, गाणी झाली, लेकी आपापल्या वाटेला लागायच्या होत्या. शोभाची बॅग ओट्यावर आली. जावयांनी गाडी सुरू करून जराशी पुढे घेतली, तर चाकातून खर्र असा आवाज. हा मात्र खरा होता, मीही ऐकला. आबांनी हात आडवा केला.

"जवाईबापू, उतरा. ब्रेकनं काम शे."

मग मागच्या चाकांना दगड, पुढे जॅक, आणि अंगणात हे सगळं पसरलं. मी जाऊन बघितलं. चाकाच्या मागे लोखंडाची एक चकती असते, तिला डिस्क म्हणतात. माझ्या मते तो तवाच. आणि त्या तव्याला दोन्ही बाजूंनी सांडशीसारखं धरायला दोन वड्या, त्या म्हणजे ब्रेक पॅड. वड्या झिजून पार लोखंड लागलं होतं आणि तव्यावर रेघोट्या उठल्या होत्या. आबा म्हणाले, तवा आणि वड्या दोन्ही बदलायच्या. दुकान सणाचं बंद. शोभाची बॅग पुन्हा आत गेली.

दुसऱ्या दिवशी सामान आलं. नव्या तव्याला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते आबांनी पेट्रोलच्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसलं. वड्या धरणारी ती सांडशी रबरी नळीवर लोंबकळू नये म्हणून तिला सुतळीने वर बांधून ठेवली, पाळण्यातल्या पोरासारखी. सगळं बसवून झाल्यावर मला हाक आली.

"माय, गाडीत बस वं जरा. मी सांगसू तवय दाब."

गाडीत खाली बघते तर तीन पेडलं. मी आपलं सगळ्यात डावीकडचं दाबलं.

"तो क्लच शे, माय. मधलं दाब."

मधलं दाबलं तर पाय थेट तळाला गेला. मी ओरडले, "आबा, मोडलं!"

"मोडनं नही. दाबत ऱ्हाय."

दाबत राहिले, आणि खरंच, हळूहळू पेडल पायाखाली कडक होत आलं. नव्या वड्या बसवल्या की आधी असं दाबून दाबून घ्यायचं असतं, त्याशिवाय गाडी हलवायची नसते, हे त्यांनी मला समजावलं. का, ते काही मला कळलं नाही. पण त्या दिवसापासून गल्लीत माझी नेमणूक झाली ती झालीच.

दिवाळीला जावई पुन्हा न्यायला आले. गाडी दारात उभी राहिली नाही तोच आबा चाकाशी बसले.

"मामा, आखाजीलाच तर बदललेत ना?" जावई म्हणाले.

"आवाज येस."

"मला तर येत नाही..."

"तुमी गादीवर बसतस. मी जमिनीवर."

सासऱ्याशी वाद घालायचा नसतो. चाक निघालं. वड्या बाहेर आल्या, त्या मी डोळ्यांनी बघितल्या: नव्या साबणासारख्या जाडजूड. आबांनी त्या सूर्याकडे धरून पाहिल्या, नखाने खरवडल्या आणि पापड वाळत घालावेत तशा सुपात उन्हात ठेवल्या. दोन दिवस.

आतून अक्का, म्हणजे आबांची बायको, करवादायच्या, "विहीणबाई काय म्हणतील! लेक परत पाठवायला दोन दिवस उशीर, आणि कारण काय, तर वड्या वाळायच्यात!"

"ब्रेकनं काम शे," आबा शांत. "घाई नको."

आमच्या घरातही चर्चा. आमचे हे म्हणायचे, रिकामा माणूस, हाताला खाज सुटते. शेजारची म्हणाली, वयाने डोकं जरा हललंय. डेपोत मोठमोठ्या बसेस सरळ केल्या आणि एवढीशी काडेपेटी दोन दिवस? मला दोन्ही पटायचं नाही. मला वाटायचं, यांना खरंच काहीतरी ऐकू येत असेल. मग वाटायचं, नाही. मग पुन्हा वाटायचं, असेल.

त्यानंतरच्या आखाजीच्या आधीच शोभा आली. पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं होतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती आणि सासूबाईंनी माहेरी पाठवली होती, पण घरात लगेच नणंदेचं लग्न, म्हणून चारच दिवसांसाठी. चार दिवस पोर नुसती भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवण अर्धं ताटात. चौथ्या दिवशी जावई आले, तेव्हा ती उठून मुकाट्याने बॅग भरायला लागली. ते भरणं बघवत नव्हतं, खरं सांगते.

आबा बाहेर आले. चाक वाजवलंही नाही, थेट जॅक लावला. या वेळी दोन्ही चाकं एकदम काढली. एरवी ते एका वेळी एकच काढायचे, म्हणजे दुसरं बघून बसवता येतं. मी म्हटलं, "आबा, दोन्ही?" ते बोल्ट काढायला लागले.

संध्याकाळी बोभाटा झाला. एक बोल्ट सापडत नाही. ती सांडशी ज्या बोल्टने जागेवर बसते तो. सगळी गल्ली अंगणात वाकली. आमचे हे म्हणाले, "चौकात दुकान आहे, डबाभर बोल्ट पडलेत. आणून देऊ?"

आबांनी रोखून बघितलं. "या आट्याना बोल्ट जळगावमा मिळस नही."

मी घरात येऊन कामाला बसते तोच जावई आमच्याकडे आले. "काकू, धुळ्याला फोन लावू का?"

मी शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. ते बोलायला लागले. "हो आई... निघालोच होतो... मामांनी ब्रेक उघडलेत. बोल्ट हरवलाय एक... नाही ना मिळत तो इथे..." कपाळावर घाम. बोलता बोलता त्यांनी खिशातून रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर काहीतरी टक्कन फरशीवर पडलं आणि गडगडत माझ्या परातीशी आलं.

बोल्ट होता. ग्रीसने माखलेला.

मी उचलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोन कानालाच. "हो आई," ते म्हणाले, "शोधतोय." मी बोल्ट त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो परत रुमालात गुंडाळून खिशात टाकला. त्यांनी फोन ठेवला. मी विचारलं, "चहा टाकू का?"

"टाका," ते म्हणाले. कान लाल झाले होते.

मी बाहेर आले तर आबा अजून शोधत होते. "माय, तुना ओटाजोडे देख बरं." मी ओट्याजवळ बघितलं. सगळं माहीत असून केरसुणी घेऊन कोपरे झाडले. आणि मग माझ्या लक्षात आलं की आबा शोधतायत कुठे? तुळशीच्या कुंडीत. पाण्याच्या टाकीचं झाकण उचलून. कपडे वाळायच्या दोरीखाली. चाकाजवळचा बोल्ट तिथे चालत जाणार होता काय?

आता बघा, तुम्हीच सांगा. आबांनी जावयाला बोल्ट उचलताना पाहिलं होतं का? की आबांनीच तो जावयाच्या हाती दिला होता? की दोघांनाही एकमेकांचं काहीच माहीत नव्हतं, आणि दोघंही आपापल्या परीने गाडी अडवत होते? "अजून चार दिवस राहू द्या" असं मुलीच्या बापाने म्हणायचं नसतं, आणि आईसमोर नवऱ्यानेही म्हणायचं नसतं. ब्रेक नाहीत म्हटल्यावर मात्र कोणी काही बोलू शकत नाही. एवढंच मला कळलं. बाकी गोंधळ अजून तसाच आहे.

जावई बसने परत गेले, गाडी अंगणात चाकांविना राहिली. शोभा हळूहळू ओट्यावर येऊन बसायला लागली. अक्कांनी भरीत केलं, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकऱ्या केल्या. एक दिवस तिने मला विचारलं, "काकू, आबा सारखे ब्रेक का उघडतात?"

"आवाज येतो म्हणे."

"तुम्हाला येतो?"

"नाही बाई. तुला?"

"मलाही नाही," ती म्हणाली, आणि हसली. आल्यापासून पहिल्यांदा. गाडीखालून आबांचे दोन पाय तेवढे दिसत होते. ते हलायचे थांबले होते.

नणंदेच्या लग्नाच्या दोन दिवस आधी जावई आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोल्ट बाकीच्या बोल्टांबरोबर आबांच्या सामानाच्या परातीत पडलेला. कोणी ठेवला, कोणी विचारलं नाही. "सापडना," म्हणजे सापडला, आबा एवढंच म्हणाले. मी चहा ठेवला होता, तो गार होईपर्यंत दोन्ही चाकं बसली होती. मी मधलं पेडल दाबत होते आणि पुढे वाकलेल्या त्या पांढऱ्या डोक्याकडे बघत होते. इतक्या लवकर होणारं काम होतं हे!

आबा गेले ते त्याच्या पुढच्या वर्षी, हिवाळ्यात, झोपेत. शोभाला तेव्हा मुलगी झालेली होती. दिवसकार्य झालं. आमच्या फोनवर धुळ्याहून निरोप आला, दुकान किती दिवस बंद ठेवणार, आता निघा म्हणावं. निरोप मीच समोर जाऊन सांगितला.

जावयांनी बॅगा डिकीत ठेवल्या. दारात शोभा, एका हाताने अक्कांचा हात धरलेला. तो हात काही सुटत नव्हता. जावयांनी दोघींकडे पाहिलं. डिकी लावली. मग गाडीला वळसा घालून पुढे आले, पँट जराशी वर ओढून चाकाशी उकिडवे बसले, आणि बोटाच्या पेराने चाक वाजवलं.

"काकू," मान वर न करता त्यांनी विचारलं, "आवाज येतोय का हो?"

उभ्या गाडीला कसला आवाज येणार?

"येतोय," मी म्हटलं.

शोभाने बॅगा डिकीतून काढल्या. जावई जॅकशी झटत राहिले. कापड मोजणारे हात ते, नट सैल करतानाच लालभडक झाले. शेवटी चाक निघालं, तर पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. तसंच चकतीकडे बघत बसले. मग म्हणाले, "काकू, बसता का जरा?"

मी गाडीत बसले.

"दाबा," ते म्हणाले. मी दाबलं. "सोडा." सोडलं. "बरोबर आहे," ते म्हणाले.

मी सगळ्यात डावीकडचं दाबलं होतं. पाय ठेवतानाच मला कळलं होतं. तरी पाय उचलला नाही. तशीच बसून राहिले, खालून कोणीतरी म्हणेल म्हणून, "तो क्लच शे, माय. मधलं दाब."